पंपाचं बटण

केतकीला पुण्याला पाठवायचं की नाही, हे आमच्या घरातली एक भिंत ठरवणार होती.

"आईचं तिकीट वीस डिसेंबरचं आहे. तोवर भिंत कोरडी झाली तर पोरगी इथं, नाहीतर ती आईबरोबर," असं शशीनं एकदा जेवताना सांगून टाकलं आणि आमटी वाढून घेतली. वॉर्डमधल्या पेशंटची डिस्चार्जची तारीख सांगावी तसं. शशी ऑर्थोपेडिक्समध्ये रजिस्ट्रार डॉक्टर होता. त्याच्या बोलण्यात हाडं जुळायची किंवा जुळायची नाहीत, मधलं काही नसायचं.

कार्डिफमधलं हे घर आम्ही अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात घेतलं. तेव्हा खालचं सेलर, म्हणजे तळघर, बघून मी हरखलेच होते. बॅगा राहतील, कांदे-बटाटे राहतील, पापड-कुरडयांचे डबे राहतील. या देशात उन्हाळ्यात घर बघू नये, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. ऑक्टोबरात पाणी आलं. दारातून नाही, खिडकीतून नाही. जमिनीतूनच, फरशीच्या सांध्यांतून, घाम फुटावा तसं. केतकीची खोली बरोबर त्याच्या वर. पहिल्या हिवाळ्यातच तिच्या कॉटमागच्या भिंतीवर काळे ठिपके उठले, आणि तिच्या छातीत ती शिट्टी वाजायला लागली. दीड वर्षाची होईपर्यंत दोनदा हॉस्पिटलमध्ये नेब्युलायझरवर ठेवली होती तिला. दुसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, आधी घर कोरडं करा.

सप्टेंबरात सासूबाई आल्या. त्यांनी सेलरच्या पायऱ्यांवरून खाली वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हे धान्याचं बळद नाही, ही विहीर आहे. विहिरीवर लेकरू निजवतेस?" मग चार दिवसांनी, "मी नेते तिला. पाच वर्षांची झाली की आणा. कितीतरी जणांनी ठेवलीत की आजीकडे."

ठेवली होती, हे मला माहीत होतं. साउथहॅम्प्टनच्या माझ्या मैत्रिणीनं, नंदानं, आपल्या राजीवला चार वर्षं सांगलीला ठेवलं होतं. तो परत आला तेव्हा सहा महिने तिला काकू म्हणत होता. नंदा हे हसत हसत सांगायची. मला ते कधी हसण्यासारखं वाटलं नाही.

म्हणून मीच पंपाच्या मागे लागले. ग्लिन नावाचा माणूस नोव्हेंबरच्या सुरुवातीला आला. त्यानं सेलरच्या सगळ्यांत खोलगट कोपऱ्यात फरशी फोडून बादलीपेक्षा मोठा खड्डा केला, त्यात भोकाभोकांचं प्लास्टिकचं पिंप उतरवलं, भोवती खडी भरली आणि आत पंप ठेवला. जमिनीतलं पाणी त्या खड्ड्यात उतरणार, पंपाचा फुगा पाण्याबरोबर वर येणार, फुगा वर आला की पंप सुरू होऊन पाणी मागच्या अंगणातल्या गटारात फेकणार. मी त्याला शंभर प्रश्न विचारले. मूल आत पडलं तर? झाकण बसवतो. झाकण तिनं उचललं तर? स्क्रू लावतो. बटणाला हात लावला तर? शेवटी त्यानं पंपाचं बटण सेलरच्या दाराच्या वर, पॅसेजमध्ये, इतकं उंच बसवलं की टाचा उचलल्यावर माझा हात जेमतेम पोचावा. त्यात एक बारीक लाल दिवा होता.

"हा दिवा कायम चालू ठेवायचा," तो म्हणाला. "बाकीचं पंप बघून घेईल. तुम्ही झोपा आता."

मी कसली झोपते! दिवसातून दहादा दाराला कान लावायची. रोज सकाळी कॉटमागच्या भिंतीवर टिश्यू दाबून धरायची आणि ओला होतो का ते बघायची. तेराव्या दिवशी टिश्यू कोरडा निघाला. तो मी सासूबाईंना दाखवला.

"एका कागदानं काय होतंय," त्या म्हणाल्या. पण तो त्यांनी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

त्याच आठवड्यात नंदाच्या धाकट्या मुलीचं बारसं होतं. शुक्रवारी दुपारी आम्ही निघालो. घर बंद करणं म्हणजे आमच्याकडे घरातलं सगळं बंद करणं. माझे वडील बाहेरगावी जाताना गॅस, नळ, एकूण एक बटण बंद करून मग कुलूप तीनदा ओढून बघायचे. सासूबाईंकडेही तीच रीत. त्या टीव्ही, किटली, कुकर करत खालून निघाल्या, मी वरून हीटर, इस्त्री करत खाली आले. बाहेर शशी हॉर्न वाजवत होता.

"अरे हो, आलो! नवरा आहेस की बसकंडक्टर?" मी ओरडले. सासूबाईंनी कपाळाला आठी घातली. नवऱ्याला अरे-तुरे त्यांना अजून पचलं नव्हतं.

शनिवारी सकाळी पाळणा सजवून झाला, बायका वरवंट्याचा गोप्या घेऊन 'कुणी गोविंद घ्या' म्हणत होत्या, तेवढ्यात नंदाचा नवरा जयंत आतून म्हणाला, "शशी, बातम्यांत तुमचं साउथ वेल्स दाखवतायत. रात्रभर धो धो चाललंय म्हणे."

"पडू दे," शशी म्हणाला. "उल्कानं पंप बसवून घेतलाय."

सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसले, आणि हसता हसता मला माझा कालचा हात दिसला. पॅसेजमध्ये, एका कडेवर केतकी, टाचा उचललेल्या. सेलरचं दार ओढून पाहिलं, कडी पाहिली, आणि वर लाल काहीतरी चमकत राहिलेलं बघून बोट आपोआप तिकडे गेलं. टिक.

"काय गं? अशी का झालीस?" शशीनं विचारलं.

"पंपाचं बटण," मी म्हटलं. सगळे बघत होते. वीस डिसेंबरला चार आठवडे होते. "आईंनी निघताना सगळी बटणं बंद केली ना?"

एवढंच बोलले मी. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "मी टीव्हीचं केलं. किटलीचं केलं. कुकरचं..." त्या बोटांवर मोजायला लागल्या. "ते लाल दिव्याचं केलं असेन का रे, शशी?"

"आई, शंभर वेळा सांगितलं होतं ते बटण बंद करायचं नाही म्हणून!" शशीचा आवाज चढला. पाळण्याभोवतीच्या बायका वळून बघायला लागल्या. "तू एवढं एक लक्षात ठेवत नाहीस, आणि तुझ्या जिवावर मी पोरीला पाठवणार होतो?"

होतो, म्हणाला तो. मी ऐकलं. भीतीच्या खाली मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची मला आजही शरम वाटते.

पेढा हातात घेऊनच आम्ही निघालो. मागच्या सीटवर केतकी सासूबाईंच्या मांडीवर झोपली होती आणि त्या ओठांतल्या ओठांत पुटपुटत होत्या: टीव्ही, किटली, कुकर, मोरीतलं... पुन्हा पहिल्यापासून टीव्ही. सेव्हर्नच्या पुलावर वाऱ्यानं गाडी हलली. त्यांनी केतकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा मोजणी सुरू केली.

घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते आणि अंधारून आलं होतं. पॅसेजमध्येच ओल्या मातीचा वास आला. शशीनं सेलरचं दार उघडून टॉर्च मारला. खालच्या दोन पायऱ्या दिसतच नव्हत्या. पापडांचा डबा पाण्यावर तरंगत होता.

त्यानं हात वर करून बटण दाबलं. दिवा लागला. खालून काही आवाज आला नाही. मी मनातल्या मनात आकडे म्हणत होते. सातवर गेल्यावर पंप खोकला, घरघरला आणि लागला. शशी ग्लिनला फोन करायला पुढच्या खोलीत गेला, इतकं पाणी ओढताना पंप जळेल का ते विचारायला.

सासूबाई केतकीला खांद्यावर घेऊन पॅसेजमध्ये उभ्या होत्या. त्या वर, त्या बटणाकडे बघत होत्या. मग त्यांनी केतकीला माझ्याकडे दिलं आणि उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि थांबला. डावा उचलला, तोही कानाच्या वर गेला नाही.

"माझा हात तिथवर जातच नाही गं, उल्का," त्या म्हणाल्या.

जात नव्हताच. खांदे आखडल्यामुळे त्यांचा अंबाडा रोज सकाळी मीच घालत होते. हाडांच्या डॉक्टरला रागात ते आठवलं नाही. मला आठवत होतं की नव्हतं, ते मी स्वतःला विचारलं नव्हतं.

"आई, मी..."

"सबंध रस्ता मोजत आले मी. म्हटलं, लागलं वेड आपल्याला. म्हातारी झालीस, वैजयंते." त्यांचा आवाज हलका होता, शशीला ऐकू जाऊ नये इतका. "चारचौघांत माझं नाव घेतलंस. ते मी विसरणार नाही, सांगून ठेवते."

मी केतकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"पोरीला मी नेणार नाही. घाबरू नकोस. सांभाळलं असतं मी तिला, तुझ्यापेक्षा चांगलं सांभाळलं असतं. पण तिच्यापायी तू आत्ताच ही अशी झालीस. तिला नेलं तर मागं काय उरेल?" त्यांनी केतकीच्या पाठीला कान लावला, बराच वेळ. "शिट्टी नाही अजून. आज वर माझ्या खोलीत निजव तिला."

त्या कठड्याला धरून जिना चढून गेल्या. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि शशीला काहीच कळलं नव्हतं. तसंच ठेवता आलं असतं. वीस तारखेला त्या एकट्या विमानात बसल्या असत्या, विसराळू म्हातारी म्हणून.

मी पुढच्या खोलीत गेले. शशी रिसीव्हर कानाला लावून ग्लिनचं ऐकत होता.

"ते बटण मी बंद केलं," मी म्हटलं.

त्यानं रिसीव्हरवर हात ठेवला. "काय?"

केतकीनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी ते पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, वरच्या खोलीपर्यंत जाईल असं.