भुऱ्याची फणी

भुपेंद्र मानेवरची जट उपटायला गेला आणि भुऱ्या कुत्र्याचे चार दात त्याच्या मनगटात उतरले. साकोलीच्या दवाखान्यातून सुई टोचून आला तो ओसरीवर न टेकताच म्हणाला, "उद्या सकाळी नागझिऱ्याच्या जंगलाकडं नेऊन सोडतो याले. बिबट्याच करन त्याची हजामत."

"नेच," रंभाबाई म्हणाल्या. "गोचिडांचं घर झालं नुसतं. घरात चार महिन्यांचं लेकरू, अन् हिले कुत्र्याचे लाड! ऐकून राहिली ना वो रिता?"

सासू आणि दीर एकीकडे, नवरा पुण्याला कामावर. लेकीला थोपटत रिता म्हणाली, "एक डाव मले करू द्या, भाऊजी."

"करा. एक हात माझा गेला, दुसरा तुमचा."

सकाळी लेक झोपली तशी ती परसात गेली. भुऱ्या ट्रॉलीखाली दडला होता. तिनं त्याला बाहेर ओढलं नाही, तीच खाली बसली. फणी आधी हुंगू दिली. भाताचा गोळा पुढे केला. फणीची पाठ मानेवरून एकदा फिरवली, पुन्हा गोळा. त्यानं तोंड वळवलं की हिचा हात मागे. लेकीची टाळू माखताना कराव्यात तशा सगळ्या हालचाली सावकाश. जटेखाली दोन बोटं घालून, कातडी वाचवत, तिनं कात्रीनं केस मोकळे केले. एक कान झाला. भुऱ्यानं सुस्कारा टाकून हनुवटी तिच्या पावलावर ठेवली.

मग हा चावतो तरी काहून?

"वा वा, पार्लर उघडलं का वहिनी?" भुपेंद्र दोर घेऊन दारात उभा होता. "आई, ये इकडं, मी उचलतो. तू दोर धर!"

पावलावरची हनुवटी झटक्यात उठली. मानेवरचे केस ताठ, दात उघडे.

रिताला लख्ख उमगलं. धानात डुकरं शिरली की बांधावरून भुपेंद्रच त्याला ओरडायचा, धर! आणि भुऱ्याला आंघोळ घालताना, जट उपटताना मायलेक एकमेकांवर तेच ओरडायचे. मान धर, पाय धर.

"भाऊजी, तो शब्द काढू नका. तुमीच शिकवला त्याले. तुमी धर म्हणता, तो धरते."

"म्हंजे माझी चूक?"

"हो."

या घरात त्याच्या तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं. त्यानं दोर भुऱ्यापुढे नाचवला. "असं? मंग घे, धर!"

भुऱ्यानं झेप घेतली. दोर हातातून हिसकावला आणि डुकराची तंगडी असावी तसा झटकू लागला. भुपेंद्र मागच्या मागे माठावर आदळला. माठ फुटला.

"सोड रे बाळा," रिता हळूच म्हणाली. भुऱ्यानं सोडला.

रंभाबाईंनी दोर उचलून खुंटीला अडकवला. "पाहून काय राहिला? तोंड आवर आपलं," त्या लेकावर खेकसल्या. मग सुनेकडे वळल्या. "अन् तू, सांजेपर्यंत एक जरी गोचीड दिसली ना, तं तुमाले दोघांलेही सोडून येन."

आत लेक चुळबुळ करू लागली होती. रितानं पटकन भाताचा गोळा वळला. दुसरा कान बाकी होता.