मौनीबाबांची वाचा

आमच्या वॉर्डात त्यांना सगळे मौनीबाबा म्हणायचे. लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी परगावाहून रोज फोन करायची.

"बाबा, जेवलात?"

"हो."

"काही त्रास?"

"नाही."

संपला फोन.

त्यांच्या मेंदूत गाठ होती, तीही नेमकी बोलण्याच्या वाटेवर. मी वाचा-उपचार करते, म्हणजे लोकांना बोलतं करण्यावरच माझं पोट. ऑपरेशनआधी मी त्यांना समजावलं, "काका, बोलणं मेंदूत एकाच जागी नसतं. शब्द एकीकडे सुचतो, त्याचे उच्चार दुसरीकडे जुळतात, जीभ-ओठ हलवायचा हुकूम तिसरीकडून सुटतो. या जागा धाग्यांनी जोडलेल्या असतात. धागा तुटला तर शब्द ठाऊक असूनही तोंडातून निघत नाही."

सर्जनने स्पष्ट सांगितलं होतं. गाठ पूर्ण काढली तर आयुष्य वाढेल, पण वाचा जाण्याची भीती. थोडी ठेवली तर वाचा राहील, गाठ मात्र लवकर परत येईल.

"सगळी काढा," ते म्हणाले. "माझं हो-नाहीवर भागतं. मान हलवली तरी चालेल."

मला राग आला. इथे एकेका शब्दासाठी माणसं महिनोन्महिने घाम गाळतात आणि हे गृहस्थ अख्खी भाषा रद्दीत घालायला निघालेले. पण जीव त्यांचा होता.

तरी वाचेल तेवढी वाचा वाचवायची, म्हणून ऑपरेशनमध्ये त्यांना जागं ठेवलं होतं. पडद्यापलीकडे सर्जन, अलीकडे मी, त्यांच्या तोंडासमोर चित्रं धरून. त्यांनी "चित्रात आहे" म्हणून नाव सांगायचं आणि तेवढ्यात सर्जन मेंदूवर हलकासा करंट देऊन जागा तपासायचा.

"चित्रात आहे कात्री. चित्रात आहे घोडा. चित्रात आहे…" गाडी अडली. डोळे म्हणत होते, येतंय हो मला. करंट थांबला आणि "छत्री" बाहेर पडली. ही बोलण्याची जागा, म्हणून सर्जनने तिथे खूण केली.

मग गाठ कापायला सुरुवात झाली. "आता बोलत राहा," मी म्हटलं. "काहीही. कामाचं सांगा."

आणि मौनीबाबा बोलू लागले. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की जोडीदार वर मशीनपाशी खटपट करायचा आणि हे बंद दाराबाहेर बसून आतल्या माणसाशी बोलत राहायचे, त्याने घाबरू नये म्हणून. एक बाई रडत होती, तिला यांनी स्वतःच्या लग्नात सदरा उलटा घातल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे ती हसली. एका म्हाताऱ्याने आपल्या मुलाबद्दल असं काही सांगितलं की हे नुसते ऐकत राहिले.

"दार उघडलं की सगळे घाईने निघून जातात," ते म्हणाले. "जाणारच, केव्हाचे अडकलेले. मी आपली हत्यारं गोळा करतो. घरी गेलो की हिला सगळं सांगायचो. ती गेल्यावर मी… मी… दा… मी…"

मी हात वर केला. सर्जन थांबला. "शेवटचा तुकडा धाग्याला चिकटलाय," तो म्हणाला. "काका, ठरल्याप्रमाणे काढू ना?"

त्यांचे ओठ हलले, पण शब्द निघेना. मला वाटलं, गेली वाचा.

"नको," ते अडखळत म्हणाले. "राहू द्या. मला… बोलायचंय."

सर्जनने तो तुकडा राहू दिला.

घरी सोडायच्या आधी त्यांचं बोलणं बऱ्यापैकी ताळ्यावर आलं होतं. मी तपासायला गेले तेव्हा मुलीचा फोन चालू होता. "हो. हो. नाही." फोन संपला आणि माझा तोल सुटला.

"काका, एवढ्यासाठी आयुष्य कमी करून घेतलंत?"

"तिला घाई असते हो."

"मग बोलायचंय तरी कोणाशी?"

त्यांनी खरंच विचार केला. चादरीची कड बोटांत धरून, एकेक माणूस आठवून बघावा तसा.

"ते अजून ठरलं नाही," म्हणाले. "बघू. कुणीतरी असेलच की."

मग फोन उशाशी ठेवून ते दाराकडे तोंड करून पडून राहिले.