टॉर्च पिवळा पडेपर्यंत

सालुदच्या टॉर्चचा सेल ऐन हंगामाच्या तोंडावर फुगला. टॉर्च मोठा होता. पुढचं तोंड ओढलं की तो लांब व्हायचा आणि उजेड आवळून गुहेच्या छतावर ताटलीएवढा गोल पडायचा. तोंड आत ढकललं की तोच उजेड पसरून सगळी भिंत दिसायची. त्याचा जाडा सेल मनिलाहून आणलेला होता. तसा दुसरा या बेटावर कुणाकडे नव्हता.

टॉर्च सालुदचा असला तरी त्या उजेडात चढायचा तिचा धाकटा भाऊ दुलो. गुहेतल्या पाकोळ्यांची, सूपसाठी महाग विकली जाणारी घरटी काढायची, हे त्यांच्या घराचं पिढीजात काम. बांबूला बांबू बांधून तो वर जायचा. कपाळावर छोटा दिवा असायचा, पण त्यात स्वतःच्या हातांपलीकडे काही दिसत नाही. छत दाखवायचं काम खालच्या माणसाचं. छत दिसेनासं झालं की वरच्याला तोल कशाच्या आधारानं राखावा ते कळत नाही, आणि खाली सगळा दगड.

त्यांचे वडील चढायचे तेव्हा खाली आई उभी असायची. गुहेत हाका मारायची रीत नव्हती. टॉर्च पिवळा पडू लागला की वडील समोरचं घरटं तसंच ठेवून उतरायला लागायचे. हा नियम त्यांनी मोडलेला दोघा भावंडांनी कधी पाहिला नव्हता.

बाजारात मासळीच्या ओळीमागे अर्सेनचं रेडिओ आणि पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. सालुद आणि दुलो तिथं गेली. अर्सेन सालुदला मानांग, म्हणजे थोरली ताई, म्हणायचा. अर्सेननं फुगलेला सेल चिमटीत धरून लांब ठेवला आणि तीन पर्याय पुढं मांडले.

"हा लाल बघा, मानांग. नवा कोरा. वरचा आकडा वाचलात?"

सालुदनं लाल सेल तळहातावर झेलून पाहिला. "हा तर रिकाम्या शिंपल्यासारखा हलका लागतोय रे."

"म्हणून तर 'वाचलात का' विचारलं. आकडा खोटा आहे. 'घ्या' कुठं म्हणालो?"

दुसरा सेल मेलेल्या लॅपटॉपच्या पोटातून काढलेला होता. रंग उडालेला, एका टोकाला ओरखडे. "दिसायला भिकारी आहे, पण दम आहे त्यात," अर्सेन म्हणाला. "टॉर्चात सैल बसेल. जाड कागदाची गुंडाळी करून देतो." तिसरा पर्याय म्हणजे प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात बसवलेले तीन बारीक साधे सेल. "हे कुठल्याही टपरीवर मिळतात. उजेड मात्र म्हातारीच्या नजरेसारखा."

"माझ्या बहिणीला म्हातारी म्हणतोस?" दुलो म्हणाला.

"सेलला म्हणालो, बाबा. मानांगच्या नजरेला मी भितो."

दुलोनं लॅपटॉपचा सेल उचलला. सालुदनं तो घेतला आणि बारीक सेलांचा पिंजराही झग्याच्या खिशात टाकला.

पहिल्या दिवशी ती दोघं बुटक्या गुहेत गेली. नव्या सेलचा उजेड सोललेल्या खोबऱ्यासारखा पांढरा पडला. दुलो वरून हसला. कधी न दिसलेल्या फटी त्याला दिसत होत्या. एक घरटं काढलं की त्यापलीकडचं दिसे, आणि तो आणखी वाकून हात लांब करी. सालुद मान वर करून उभी होती. उजेड पांढरा आहे तोवर वेळ आहे, हे दोघांनाही लहानपणापासून माहीत होतं. त्यामुळं ती निश्चिंत होती आणि तोही.

मग टॉर्च विझला. पिवळा पडला नाही की थरथरला नाही. छत होतं आणि नाहीसं झालं.

बांबू करकरला. घरटी खरवडायची काठी सालुदच्या शेजारी दगडावर आपटली. तिनं हाक मारली नाही. टॉर्चचं बूड फिरवून सेल काढला, खिशातला पिंजरा चाचपून आत सरकवला. मिणमिणता उजेड वर पोचला तेव्हा दुलो दोन्ही हातापायांनी बांबूला मिठी मारून होता, आईच्या पोटाला माकडाचं पिल्लू बिलगतं तसा.

खाली आल्यावर त्यानं आधी पडलेली काठी उचलली. "पिवळा कधी पडला?" त्यानं विचारलं.

"पडलाच नाही."

अर्सेननं ऐकून डोकं खाजवलं. "हे सेल असेच असतात, मानांग. शेवटपर्यंत सारखे जळतात आणि एकदम बंद. मी सांगायला हवं होतं."

"हवं होतं," सालुद म्हणाली.

आता मोठी गुहा राहिली होती. तिचं छत चर्चच्या मनोऱ्याहून उंच. सालुद आधी एकटीच जाऊन बारीक सेलांचा उजेड वर टाकून आली. छताच्या जागी धूर असावा तसं दिसलं. त्या उजेडात नीट दिसावं म्हणून दुलो आणखी वाकणार, हे तिला कळत होतं. अंधूक उजेडही त्याला पाडू शकत होता.

जेवताना ती म्हणाली, "यंदा मोठी गुहा सोडू या."

"म्हणजे तिथली घरटी दुसऱ्यांनी काढावी? लॅपटॉपवालाच घाल. पुन्हा भरून आणू. वेळ झाली की तू खूण कर, मी उतरतो."

"माझ्या सांगण्यावरून उतरशील?"

"का नाही उतरणार?"

"तुझ्या लग्नात मी म्हटलं होतं, दुलो, आता नाच पुरे, खाली ये. उतरलास टेबलावरून?"

"टेबल मोडलं तेव्हा उतरलो की." दुलोनं सुक्या मासळीचा काटा काढून मांजराला टाकला. सालुद हसली नाही. आणखी एक, एवढं एकच, असं म्हणत तो वरच राहणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. बहिणीचं त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं. ऐकलं होतं ते फक्त पिवळ्या उजेडाचं.

दुसऱ्या दिवशी भरलेला सेल टॉर्चात घालून ती नारळ वाळवायच्या बंद खोपटात बसली आणि टॉर्च लावून जपमाळ ओढू लागली. माळ संपली की पहिल्यापासून. टॉर्च विझला तेव्हा किती माळा झाल्या ते तिनं मनात पक्कं केलं आणि त्याच्या निम्म्या धरल्या. घरी येऊन खिडकीत अजून लटकत असलेल्या नाताळच्या फाटक्या चांदणीचा पिवळा जिलेटीन कागद सोडवला. त्याची चौकोनी घडी करून माळेच्या पिशवीत ठेवली.

सेल पुन्हा भरून घेऊन मोठ्या गुहेत शिरताना दुलोनं विचारलं, "खूण काय करशील?"

"कळेल तुला."

तो चढला. सालुदनं टॉर्च ओढून लांब केला आणि उजेडाचा गोल छतावर नेला. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात माळ. ओठ हलत होते, डोळे वर होते. घरटी भरपूर होती. दुलोच्या कमरेची पिशवी फुगत गेली. धरलेल्या माळा संपल्या तेव्हा तो एका कपारीकडे सरकत होता. तिथं कपासारखी तीन पांढरी घरटी ओळीनं चिकटलेली होती. त्याचा हात पुढं गेलेला होता.

सालुदनं पिवळा कागद काचेवर धरला.

छत पिवळं झालं. दुलोचा हात तसाच थांबला. त्यानं खाली पाहिलं. एवढ्या उंचीवरून त्याला काचेवरचा कागद दिसला की नाही, सालुदला कळलं नाही. लॅपटॉपचा सेल पिवळा पडत नाही, हे तर त्याला पक्कं माहीत होतं. तो पुन्हा त्या तीन घरट्यांकडे बघू लागला. सालुदनं कागद हलू दिला नाही. तोंडात आलेली प्रार्थना तिनं गिळली, कारण मोजायचं आता काही राहिलं नव्हतं.

दुलोनं हात मागं घेतला. एक पाय खालच्या गाठीवर टेकला, मग दुसरा.

खाली आल्यावर तो पाणी प्यायला आणि त्यानं घाम पुसला. टॉर्च सालुदच्या हातात पेटलेलाच होता, भिंतीवर पांढरा लख्ख.

"सेल लवकर पिवळा पडला," तो म्हणाला.

"जुना आहे. पडायचाच."

"उद्या ती तीन काढू."

"उद्या बघू," सालुद म्हणाली आणि कागदाची घडी माळेच्या पिशवीत ठेवली. दुलो त्या वेळी बांबूच्या गाठी तपासत होता. त्यानं मान वर केली नाही.