बारा मीटरचं वेटोळं

"वैद्यबुवा, येतोय का आवाज?" साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

वैद्यबुवा भर रस्त्यात गुडघे टेकून बसले होते. कानांवर वाट्यांएवढे हेडफोन, त्यांचा माइक रस्त्याला टेकवलेला, डोळे मिटलेले. डोळे मिटले की माणूस ऐकतोय असं लोकांना वाटतं, हे त्यांना वर्षभरापूर्वी कळलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही. साहेबांना वाटलं, समाधी लागली.

जमिनीखालची केबल फुटली की व्हॅनमधलं यंत्र तिच्यात दर पाच सेकंदांनी विजेचा दणका सोडतं. इन्सुलेशन गेलेल्या जागी ठिणगी उडते आणि मातीखाली 'धप्प' होतं. ते वरून कुणीतरी ऐकायचं, खडूने फुली मारायची आणि तिथेच खणायचं. एकतीस वर्षं हे कुणीतरी म्हणजे वैद्यबुवा. रस्त्याच्या छातीला कान लावणारा तो वैद्य. केस पिकल्यावर पुढे बुवा लागलं.

गेलं वर्षभर मात्र रोगी बोलायचा थांबला होता, किंवा वैद्य बहिरा झाला होता. यातलं दुसरं खरं होतं. निवृत्तीला आठ महिने उरले होते; कबूल केलं असतं तर तोवर स्टोअरमध्ये नटबोल्टांची राखण आली असती. त्यापेक्षा यंत्र अंतर सांगतं, ते फितीने मोजायचं, डोळे मिटून जरा डोलायचं, फुली मारायची. नऊ वेळा जमलं होतं. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. बहिऱ्याच्या केबली कोण राखत होतं, देव जाणे.

आज यंत्र म्हणालं, दोनशे चाळीस मीटर. फीत गल्लीच्या तोंडाशी संपली. वैद्यबुवांनी फुली मारली, तेवढ्यात गल्लीतून वहिनी धावत आल्या. वहिनी म्हणजे जॉइंटरची बायको. जॉइंटरने बावीस वर्षं वैद्यबुवांच्या फुलीखाली केबली जोडल्या होत्या. आता फुप्फुसं गेली होती आणि तो घरी ऑक्सिजनच्या मशीनवर पडून होता. मशीन विजेवर चालत होतं.

"भावजी, सिलिंडर जेमतेम दोन तासांचा आहे. यांना हॉस्पिटलात हलवू का? हे म्हणतात, वैद्य आलाय ना, मग कशाला नाचानाच."

वैद्यबुवांनी ते ओठांवरून वाचलं. मग शेजारी उभ्या साहेबांकडे पाहिलं, मग फुलीकडे.

"नका हलवू," ते म्हणाले. "तासाभराचं काम."

मजुरांनी गल्लीच्या तोंडावर या कडेपासून त्या कडेपर्यंत चर खणला. चार फुटांवर केबल लागली. तिला ओरखडासुद्धा नव्हता.

"वैद्यबुवा," साहेब खड्ड्यात वाकून म्हणाले, "रोगी तर ठणठणीत आहे!"

मजूर हसले. वैद्यबुवाही हसले, इतरांचे दात दिसले की आपले दाखवायचे, हीसुद्धा वर्षभराची सवय. दीड तास गेला होता. ते चर ओलांडून गल्लीतल्या तिसऱ्या घरात गेले.

जॉइंटरचे ओठ जांभळे पडले होते. त्याने मास्क बाजूला केला. "फुली कितीवर?"

"दोनशे चाळीस."

जॉइंटर हसायला गेला, त्याचा खोकला झाला. "अरे वैद्या, शाळेसमोरच्या जॉइंटला मी बारा मीटरचं वेटोळं पुरलंय. पुन्हा फुटली तर जोडायला जादा केबल हाताशी असावी म्हणून. यंत्र ते मोजणारच, रस्ता कसा मोजेल? बारा मीटर मागे जा." मग तो थांबला. "तू फितीने मोजलंस?"

वैद्यबुवांचा हात गळ्यातल्या हेडफोनवर गेला.

"कान गेले का रे?"

वैद्यबुवांनी मान डोलावली.

"मग सांगायचं की, गाढवा," जॉइंटर न रागावता म्हणाला. "मी गेलो असतो हॉस्पिटलात."

वैद्यबुवांनी वहिनींना ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं आणि ते रस्त्यावर पळाले. वाटेत हेडफोन उतरवून त्यांनी ते खोदकामावरच्या मावशींच्या डोक्यावर चढवले आणि माइक त्यांच्या हातात दिला.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"मला ऐकू येत नाही, साहेब. वर्ष झालं. मावशी, बारा मीटर मागे चला आणि ऐका."

मावशी दबकत गेल्या. एका जागी दचकल्या. "अगंबाई! खाली कुणी उखळात कांडतंय का काय?"

वैद्यबुवांनी तिथे फुली मारली आणि कुदळ स्वतः घेतली.

ॲम्ब्युलन्स आली आणि चराशी थांबली. चर केबलसाठी चुकीच्या जागी होता. गल्ली अडवायला मात्र अगदी नेमका होता. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन चर उतरली, चढली, धावत आत गेली. थोड्या वेळाने चालत परत आली. स्ट्रेचर रिकामं होतं.

वैद्यबुवा खणत राहिले. जळकी जागा सापडली. नवा जॉइंटर खड्ड्यात उतरला. त्याने बाजूचंच वेटोळं उकरून जादा केबल ओढून घेतली. जोडायला ती बरोबर पुरली.

दिवेलागणीला वीज आली. वैद्यबुवा तिसऱ्या घरात गेले. भिंतीशी बायका बसल्या होत्या. जॉइंटरच्या अंगावर पांढरी चादर होती. वहिनी तोंडाला पदर लावून, मशीनकडे बोट दाखवत काहीतरी म्हणत होत्या. वैद्यबुवांना ते कळेना. त्यांनी मशीनवर तळहात ठेवला. मशीन थरथरत होतं. सकाळपासून त्याचं बटण बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

हात त्यांनी बराच वेळ तसाच ठेवला. मग बटण चाचपडून बंद केलं.