चमचा कुणी धरायचा

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगितलेलं बरं. तीस वर्षं बस चालवली. रस्त्यात आडवा येणाऱ्या प्रत्येकाचा उद्धार करता करता माणूस गोड राहत नाही. घरी बायकोने ते चाळीस वर्षं ऐकून घेतलं आणि आपलं रफूचं काम करत राहिली. जळक्या कोटाचं भोक ती असं बुजवायची की कोटाच्या मालकालाही सापडू नये.

मेंदूचा झटका आला आणि तिचा उजवा हात लुळा पडला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं. उजव्याची बोटंही हलायला लागली, पण ती सगळं डाव्यानेच उरकायची. व्यायामाच्या केंद्रात एक काटकुळी मुलगी आहे, आम्ही तिला ‘बारीकताई’ म्हणतो. ती म्हणाली, “काकू, एक भाऊ राबतोय म्हणून दुसरा लोळतोय. राबणाऱ्याला जरा कोंडून ठेवू.” आणि तिने चांगल्या डाव्या हातावर जाड मोजा चढवला. सकाळी नऊ ते तीन तो काढायचा नाही. जेवण, केस विंचरणं, दार उघडणं, सगळं उजव्याने. मुदत तीन आठवडे. फरक दिसला तर पुढचे उपचार, नाही तर ती जागा रांगेतल्या दुसऱ्या रुग्णाला.

पहिल्याच दुपारी चमचा तिच्या गालाला लागला. भात मांडीवर, भात जमिनीवर, कपाळावर घाम. सुईच्या नाकात एका दमात दोरा ओवणारी ही बाई. मला बघवेना. “दे इकडे,” मी खेकसलो आणि चमचा हिसकावला. तिने मुकाट्याने तोंड उघडलं.

मग ते रोजचंच झालं. मी शेजारी खुर्ची ओढायचो, एकेक घास फुंकून द्यायचो. दार मात्र आधी लावून घ्यायचो. चोराच्या मनात चांदणं!

पंधरा दिवसांनी केंद्रात परीक्षा झाली. फळीच्या नऊ भोकांत नऊ खुंट्या उजव्या हाताने बसवायच्या. पहिल्या दिवशी दोन मिनिटं दहा सेकंद लागले होते. आता दोन मिनिटं आठ.

“घरी नियम पाळता ना, काका?”

“मग काय खोटं बोलतोय का मी?” मी असा आवाज चढवला की शेजारचा रुग्ण दचकला. बायको खाली बघत होती. आठवडाच उरला होता.

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी दार वाजलं. चमचा हातात घेऊनच मी दार उघडलं. बाहेर बारीकताई. तिने चमच्याकडे पाहिलं, माझ्या बायकोकडे पाहिलं, आणि पिशवीतून आणखी दोन मोजे काढले.

“काका, हात पुढे करा.”

एवढ्याशा पोरीने मला दोन्ही हात बांधून खुर्चीत बसवलं. बायको चमच्याशी झुंजू लागली. चमचा पडला, तिने उचलला, पुन्हा पडला. माझे हात मोज्यात वळवळत होते. खूप वेळाने एक घास तोंडात गेला.

“कळत नव्हतं का तुला?” मी म्हणालो. “हात कायमचा जाईल, हे सांगायचं नाही मला?”

“कळत होतं.” ती सावकाश चावत होती. “चाळीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदा माझ्याजवळ बसून जेवू घालत होतात. फुंकून फुंकून. वाटलं, हात बरा झाला की हे बंद होणार.”

बारीकताई उठून खिडकीपाशी गेली. मला रडू आलं. डोळे पुसायला हातही मोकळे नव्हते.

“हात बरा झाला तरी बसेन,” मी म्हणालो.

“बसाल आणि ओरडाल.”

“ओरडेन. पण बसेन.”

मग तिने चमचा भरला आणि माझ्याकडे वळवला. हात कोपरापासून थरथरत होता. मी मान पुढे करणार, तोच बारीकताईने खिडकीजवळूनच डोळे वटारले. मी तोंड उघडून वाट बघत बसलो. निम्मा भात माझ्या शर्टावर सांडला, उरलेला तोंडात आला.

डॉक्टरांनी तिचं मीठ कमी केलं होतं, म्हणून मी तिचा भात वेगळा शिजवायचो. चाखून कधीच बघितला नव्हता. अळणी, वर कच्चट. पंधरा दिवस हाच भात तिने माझ्या हातून मिटक्या मारत खाल्ला होता.