‘चावडीदिवा’ची जुनी मशीन

मित्रांनो, मी जिंतूरची एक जुनी छपाईची मशीन आहे. पायाने पट्टी दाबायची, हाताने कागद सरकवायचा, की माझे काम सुरू. ‘चावडीदिवा’ हे आमचे साप्ताहिक तीस वर्षे मीच छापले.

संपादक दिनकरराव बातम्या लिहीत आणि सूर्यभान अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून मजकूर तयार करीत. दुखवट्याची बातमी असली, की सूर्यभान पहिला कागद त्या घरच्या माणसाला समोर बसवून वाचून दाखवत. त्याने मान हलवली तरच पुढचे कागद निघत. लोक छपाईचे कौतुक करीत आणि मी फुगून जाई.

मग एका मोठ्या कंपनीने जिल्ह्यातले चार-पाच पेपर विकत घेतले, त्यात आमचाही. नाव नेले, मला मात्र इथेच टाकले! आता ‘चावडीदिवा’ दूरच्या शहरात रंगीत मशीनवर छापतात. खरे सांगते, त्या सवतीचे नाव काढले तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी धूळ खाते आणि तिला म्हणे एसीची खोली! तिची एक तरी चूक सापडावी म्हणून मी टपूनच बसले होते.

गेल्या महिन्यात गावातली धम्मशीला पेपर घेऊन तरातरा दिनकररावांकडे आली. तिकडच्यांनी तयार साच्यात नाव घालून बौद्ध घरातल्या माणसाचा ‘दशक्रिया विधी, नदीघाट’ छापून टाकला होता. मी मनातल्या मनात नाचले! मग कळले, गेलेले माणूस म्हणजे तिचे वडील, आमचे सूर्यभान. मला माझीच लाज वाटली.

“काका, आमच्यात दशक्रिया असती का? पुण्यानुमोदन हाय, तेबी घरीच. लोक फोन करून घाट कोणता म्हणून विचारायलेत!”

“पेपर आता माझा न्हाई, बाई. नावच विकलं म्या.”

“मशीन तर हाय ना?”

दिनकररावांनी चष्मा पुसून स्वतः खिळे जुळवले. धम्मशीलेला मजकूर वाचून दाखवला. ती डोळे पुसत “बरोबर हाय” म्हणाली. सवयीने त्यांनी ‘चावडीदिवा’ नावाचा ठसा वर लावायला उचलला. थोडा वेळ हातात धरला आणि परत खणात ठेवला. ते नाव छापायचा हक्क आम्हाला उरला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या गावचा पेपर अजून गावाचा असेल, तर तो वाचा, त्याला सांभाळा. सूर्यभानांची बातमी मी बिनचूक छापली, ती शंभर घरांत गेली. सवतीने छापलेली चूक मात्र जिल्हाभर गेली, आणि तीही आमच्याच नावाखाली.