काहीही न विसरणारा राजा

शिशिर सरत आला होता. बेलोरेच नदीवरचं हिमकवच अजून अभंग होतं, पण त्याच्या तळाशी पाणी जागं झालं होतं, कूस बदलत होतं. भूर्जवनांच्या श्वेत खोडांवर ऊन पडत होतं ते फिकट, निस्तेज, आजाऱ्याच्या उशाशी पडावं तसं. शुभ्र नदी, शुभ्र वाटा, शुभ्र छपरं. आणि त्या दिगंतव्यापी शुभ्रतेच्या मधोमध, टेकडीच्या माथ्यावर, काळ्या ओंडक्यांचा काळा कोट.

रशिया हे नाव अजून एका देशाचं झालं नव्हतं, नगरागणिक एकेक राजा होता, त्या काळातली ही गोष्ट. या काळ्या कोटात राजा मस्तिबोर राहत होता.

मस्तिबोर! हिमनेत्र, लोहहस्त, मौनभयंकर मस्तिबोर! त्याची स्वारी निघाली की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा शेपूट घालून कुंपणाला चिकटत. आया रडणाऱ्या पोरांना लांडग्याचं भय घालत नसत. लांडगा परवडला, हे पोरांनाही कळत होतं. बळी तो कान पिळी म्हणतात. हा पिळून थांबत नसे, कापून ठेवून घेई.

पण लोक त्याच्या तलवारीहून अधिक भीत ते त्याच्या स्मरणाला. बाप गेला, मागोमाग आई गेली, तेव्हा तो एवढासा होता. सरदारांनी त्या पोरक्या राजपुत्राला दाराशी उभं केलं आणि त्याच्या देखत त्याच्या ताटातलं अन्न खाल्लं. कोणी कुठला घास उचलला, कोण हसलं, कोणी बाहीला तोंड पुसलं, सगळं त्यानं मनात साठवलं. मिसरूड फुटल्यावर त्यानं एकेकाला त्याच मेजावर जेवायला बोलावलं, त्या त्या घासाची आठवण दिली, आणि मग दारं लावून घेतली. त्या उपाशी पोराची मला कीव येते. पुढे त्याचं जे झालं, त्याची येत नाही.

‘मस्तिबोर विसरत नाही.’ नगरात ही म्हणच पडून गेली. बाजारात, नदीकाठी, सूतिकागृहात आणि स्मशानात, सगळीकडे तीच म्हण. एकदा पाहिलेला चेहरा, एकदा ऐकलेला शब्द, एकदा झालेला उशीर तो विसरत नाही, असं आज्यांनी नातवंडांना सांगितलं आणि नातवंडांनी मुकाट ऐकलं.

त्या प्रदेशात एक प्राचीन प्रथा होती. ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाच्या आदल्या रविवारी प्रत्येकानं प्रत्येकाची क्षमा मागायची. सासूनं सुनेची, धन्यानं चाकराची, राजानं प्रजेची. मागणाऱ्यानं वाकून एवढंच म्हणायचं, ‘मला क्षमा कर.’ देणाऱ्यानं म्हणायचं, ‘देव क्षमा करेल, मीही केली.’ वाक्याचे असे दोन भाग, आणि दोन्ही मिळून एक क्षमा. ती मिळाल्यावाचून चर्चचा उंबरा ओलांडायचा नाही, मग तो राजा का असेना.

केवढी सुंदर प्रथा! आणि मस्तिबोरनं तिचं काय करून ठेवलं! तो पायऱ्यांवर गुडघे टेकून क्षमा मागे आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाही. जो अडखळला, ज्याचा आवंढा दोन भागांच्या मधे अडकला, तो ईस्टरला नगरात दिसत नसे. मग लोक शहाणे झाले. राजाचे ओठ हलायच्या आत उत्तर देऊन मोकळे होऊ लागले. क्षमेचा रविवार हा वर्षातला सगळ्यात भयाण दिवस झाला.

उल्याना चर्चसाठी पाव भाजत असे. छोटे, गोल, कणकेचे दोन गोळे एकावर एक बसवलेले पाव. जिवंत माणसांच्या नावाचे वेगळे, मृतांच्या नावाचे वेगळे. तिच्या टोपलीच्या मधोमध पांढऱ्या कापडाची घडी असे. उजवीकडे जिवंतांचे, डावीकडे मृतांचे. धर्मगुरू नाव उच्चारत आणि सुरीनं पावाचा एक कण वेगळा काढत. एवढ्या एका कणात माणसाचं सगळं नशीब मावतं, अशी तिची श्रद्धा होती.

डावीकडचा एक पाव नेहमी तिच्या नवऱ्याचा, नाझारचा असे. नाझार घंटेवाला होता. शिंप्यांच्या आळीला आग लागली तेव्हा लोक जागे व्हावेत म्हणून त्यानं मोठी घंटा बडवली. राजाला वाटलं, बंड झालं. आळी वाचली, घंटेवाला वाचला नाही. त्याला नदीच्या बर्फात भोक पाडून खाली सोडलं, आणि घंटेचा लोलक उपटून काढला. राजानं मारलेल्यांची नावं चर्चमध्ये घ्यायची नाहीत असा हुकूम होता. नाझारच्या पावाचा कण धर्मगुरू ओठ न हलवता काढत.

उजवीकडचा एक पाव तिच्या मुलाचा, तिखोनचा. बापावर गेलेला, रुंद खांद्यांचा, हट्टी तिखोन. गेल्या आठवड्यात, बापाच्या मृत्युदिनी, तो मनोऱ्यावर चढला आणि त्या मुक्या घंटेवर त्यानं लाकडी हातोड्याचा एक ठोका मारला. एकच ठोका. पण तो नदीपलीकडच्या भूर्जवनापर्यंत गेला. खाली उतरला तेव्हा शिपाई उभेच होते.

किल्लेदार फोमा क्षमेच्या रविवारच्या आदल्या दिवशी उल्यानाच्या भट्टीशी येऊन बसला. मनानं वाईट नव्हता, नुसता भित्रा होता. पण भित्र्या माणसाच्या हातात किल्ल्या असल्या की तो वाईटच होतो.

“बाई, उद्या महाराज एक कैदी सोडणार,” तो म्हणाला. “तुझा मुलगा सुटेल. फक्त पूर्ण वाक्य म्हण. मधे श्वास घेऊ नकोस.”

“नाही घेत,” उल्याना म्हणाली. “जन्मभर पीठ मळलंय, तेवढा दम आहे मला.”

मग कणीक मळताना ती तेच घोकत राहिली. देव क्षमा करेल, मीही केली. देव क्षमा करेल, मीही केली. मुठीखाली पीठ, जिभेखाली क्षमा. तिखोनच्या पावात तिनं नेहमीपेक्षा जास्त पीठ घेतलं. सुटून येईल तेव्हा त्याला भूक लागलेली असेल, म्हणून.

रविवार उजाडला, वर आला, कलू लागला. मस्तिबोरला खुर्चीतून आणलं. पाय सुजलेले, श्वास ओला, हिमनेत्र खोल गेलेले. मरणाच्या दारात उभा होता तो, पण गुडघे त्यानं स्वतः टेकले. लोक एकेक करून पुढे येत, उत्तर भिरकावत, बाजूला होत. कोणाला काही मिळत नव्हतं, कोणी काही देत नव्हतं.

उल्याना टोपली घेऊन समोर आली.

“मला क्षमा कर,” राजा म्हणाला.

वाक्य ओठांवर तयार होतं. आणि तिला दिसले ते गुडघे. नदीच्या बर्फावर, असाच गुडघ्यांवर बसून नाझारनं दयेची भीक मागितली होती. आतून काहीतरी उसळलं. तो राग होता, इतकी वर्षं कणकेत मळून मळून मुरवलेला राग.

“कशाबद्दल?” उल्यानानं विचारलं.

हा प्रश्न त्या पायऱ्यांवर कधी कोणी विचारला नव्हता. फोमाचा हात तलवारीकडे गेला; राजानं बोट उचललं आणि तो थांबला.

“काय असेल त्याबद्दल,” मस्तिबोर सावकाश म्हणाला. “तू कोणाची?”

“ते तुम्हीच सांगा, महाराज. तुम्ही विसरत नाही.”

बोलून गेली, आणि मग तिला आठवलं. तिखोन! आपल्या जिभेनं आपण त्याच्या गळ्याला दोर लावला. आता पटकन पूर्ण वाक्य म्हणावं, पायांवर डोकं ठेवावं, असं तिला वाटलं. पण राजा तिच्याकडे पाहतच नव्हता. तो आत पाहत होता, आपल्या त्या प्रसिद्ध, भयंकर, अथांग स्मरणात हात घालून काहीतरी शोधत होता.

“सावा,” तो म्हणाला. “सुतार होता.”

“नाही,” उल्याना म्हणाली. पण गर्दीत मागे एका बाईचा हुंदका फुटला. सावा तिचा भाऊ होता.

“लुका, होडीवाला.”

“नाही.” एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली.

“कुझ्मा आणि देम्यान. भाऊ भाऊ.”

“नाही.”

“मार्फा. पोटुशी होती.”

“नाही, महाराज.”

अशी नावं निघत गेली. त्याच्याच हुकमानं मुकी झालेली नावं, त्याच्याच तोंडून, बर्फावर, उजेडात. प्रत्येक नावाला गर्दीतून एक उत्तर येई. कुणी गुडघे टेकी, कुणी छातीवर क्रूस काढी, कुणी नुसतंच नावाच्या मागे नाव पुटपुटे. ज्यांना रडायची चोरी होती ते रडू लागले. धर्मगुरूंनी दार अर्धं लोटून घेतलं होतं. तेही दाराआडून एकेका नावाला मान लववू लागले. भयाचा एवढा मोठा डोलारा, आणि आत काय होतं, तर एका थकलेल्या म्हाताऱ्याला धड न आठवणारी माणसं!

सूर्य भूर्जवनाच्या रेषेला टेकला. शुभ्र नदी ताम्रवर्ण झाली, शुभ्र छपरं ताम्रवर्ण झाली. मस्तिबोरला दम लागला होता. आणि मग त्याचा चेहरा एकदम उजळला, हरवलेली वस्तू सापडावी तसा.

“थांब. घंटा! घंटा वाजवली होती त्यानं.”

उल्याना एक पाऊल पुढे सरकली. नाझार! एवढ्या वर्षांनी, या माणसाच्या तोंडून, सगळ्या नगरासमोर, नाझारचं नाव. तेवढं ऐकलं की क्षमा करीन, तिनं मनात म्हटलं, आणि ते खरंच होतं.

“हो,” ती म्हणाली. “घंटाच वाजवली त्यानं. नाव सांगा.”

“तिखोन,” राजा म्हणाला. “आज पहाटेच सोडलं त्याला बर्फाखाली. बरोबर ना? बघ. मी विसरत नाही.”

तो हसला. अभिमानानं हसला, तिनं शाबासकी द्यावी अशा नजरेनं पाहत राहिला.

उल्यानानं फोमाकडे पाहिलं. फोमानं मान खाली घातली. म्हणजे ती आज घोकत इथवर आली तेव्हा तिखोन नव्हता. वाटेत देवाला हात जोडले तेव्हा तो नव्हता. तिचा प्रश्न त्याला मारू शकला नव्हता आणि तिची क्षमा त्याला सोडवू शकली नव्हती. एवढंच कळलं तिला, आणि त्याचा उपयोग काहीच नव्हता.

“देव क्षमा करेल,” ती म्हणाली.

मस्तिबोर थांबला. वाक्याच्या दुसऱ्या भागासाठी थांबला. त्यानं हात पुढे केला, रिकामा, शेवटच्या घासासाठी दाराशी उभ्या राहिलेल्या पोराचा हात. नगर त्याच्या बाजूनं चालू लागलं, एकेक करून, पायऱ्या चढून, उंबरा ओलांडून आत. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. फोमाही गेला. दुसरा भाग कोणीच म्हटला नाही. आत धर्मगुरूंनी मोठ्यानं, स्पष्ट, पहिलं नाव उच्चारलं. सावा.

बाहेर हिम झरू लागलं. राजाच्या पुढे केलेल्या तळहातावर पडलं, आधी वितळलं, आणि थोड्याच वेळात वितळेनासं झालं.

उल्याना सगळ्यांत शेवटी निघाली. दाराशी ती वाकली, टोपलीवरचं कापड तिनं बाजूला केलं. तिखोनचा पाव अजून कोमट होता. तिनं तो उजवीकडून उचलला, थोडा वेळ दोन्ही हातांत धरला, आणि डावीकडे, नाझारच्या पावाशेजारी ठेवला. मधली पांढरी घडी नीट केली. मग ती आत गेली.